चरबी, स्नायू आणि ताईचा खांदा

४ सप्टेंबर

एक्केचाळीस पूर्णांक दोन टक्के! म्हणजे दर पाच किलोंमागे दोन किलो मी नुसती चरबी. हे कळावं म्हणून आज त्या यंत्रावर अनवाणी उभी राहिले, दोन्ही मुठी धरल्या, आणि बाजूने कागद निघाला. वजन ७१. स्नायू २२.१ किलो. शेवटच्या ओळीत – शरीराचं वय ६८. मी छप्पन्नची आहे.

व्यायामशाळा हार्डवेअरच्या दुकानावर आहे, ग्लेन्डीची. तिशीची बाई, खांदे सुतारासारखे. म्हणाली, "वजन विसरा, काकू. चरबी खाली, स्नायू वर, एवढंच बघायचं. कशासाठी करायचंय पण?" मी म्हटलं, "गुड फ्रायडेच्या पालखीसाठी." ती हसली नाही. अँटिग्वात या उत्तराला कोणी हसत नाही.

५ सप्टेंबर

शिवणयंत्राच्या पायट्यावर पाय ठेववत नाही. बसताना ओरडले, उठताना जास्त ओरडले.

१९ सप्टेंबर

आज चिडून लिहितेय. ताईने अंगणापलीकडून विचारलं, "काय गं तेन्चा, कुठे निघालीस हल्ली विजारी घालून?" मी सांगितलं. तर म्हणते, "बरं झालं. गेल्या वर्षी पालखी आणि तू, दोन्ही ओढायच्या होत्या."

झालं काय होतं ते इथे एकदा लिहूनच टाकते. मारियामाईची पालखी ऐंशी बायका उचलतात, दर टप्प्याला नव्या ऐंशी. पेत्रोनाताई आणि मी तेवीस वर्षं एकाच टप्प्यात. ताई अगदी पुढच्या कोपऱ्यावर, तिच्या मागे मी. गेल्या वर्षी अर्ध्या वाटेत माझे गुडघे वाकले. लाकूड खांद्यात रुतत होतं, डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी टप्पा संपेपर्यंत चालले आणि दगडी पायरीवर बसून ओकले. सगळ्या गल्लीसमोर.

आणि ताई? तिचा चेहरा उजळलेला. म्हणाली, "तेन्चा, मला भारच लागला नाही गं! मारियामाईने माझ्या खांद्यावरून काढून घेतला." मग ते पाद्रीबाबांना सांगितलं, भाजीवालीला सांगितलं, वर्षभर सांगतेय. आणि दर वेळी शेवटी – "आमची तेन्चा मात्र वाळत घातल्यासारखी लोंबकळत होती."

२ ऑक्टोबर

चरबी ४०.३. स्नायू २२.४. वजन जवळपास तेवढंच. ग्लेन्डी खूश, मी नाही.

२७ ऑक्टोबर

गेले नाही. पाऊस होता म्हणून. खरं म्हणजे पाऊस थांबला होता.

१४ नोव्हेंबर

आज विचार करत होते, आपण त्या कागदासाठी एवढ्या का झुरतो. आरसा रोज तेच दाखवतो. ओळखीच्या बायका म्हणतात, "बारीक झालीस," त्यातल्या निम्म्या लग्नाचे कपडे घाईने शिवून मागायला आलेल्या असतात. कागदाला माझ्याकडून काही नको. म्हणून त्याचं ऐकावंसं वाटतं.

पाठ ताठ ठेवून बसायची सवय लागतेय. ग्लेन्डी मागून ओरडते, "छाती वर, काकू, पैज जिंकल्यासारखी!" आता शिवायला बसले तरी तिचा आवाज ऐकू येतो.

११ डिसेंबर

३७.६! स्नायू २३.५! ताईला दाखवावंसं वाटलं. तिच्या दारापर्यंत गेले. ती पिंजऱ्यातल्या पक्ष्याला केळं भरवत गुणगुणत होती. न दाखवताच परत आले.

लिसान्द्रोभावजी गेले तेव्हा ही बाई दोन वर्षं खिडकी उघडत नव्हती. मी ताट नेऊन ठेवायची आणि तसंच परत आणायची. तो पक्षीसुद्धा मीच सांभाळत होते. गेल्या गुड फ्रायडेनंतरच ती माणसांत आली. स्वतः स्वयंपाक करायला लागली, बाजारात घासाघीस करायला लागली. आणि मला टोमणे मारायला. तोही एक गुणच म्हणायचा.

२५ डिसेंबर

पानात उकडलेले मक्याचे तमाल – चार. उकडलेल्या फळांचा काढा – मोजला नाही.

८ जानेवारी

३८.९. व्हायचंच होतं. शाळा उघडतायत, शिवायच्या गणवेशांचा ढीग पडलाय, जेवण उभ्याउभ्याच. कागद फाडणार होते, तर ग्लेन्डीने हातातून घेतला. "वर गेलेला आकडापण ठेवायचा, काकू. नाहीतर खाली आलेला खोटा वाटतो." ही पोरगी कधीकधी म्हातारीसारखी बोलते.

२२ फेब्रुवारी

राखेचा बुधवार, गुड फ्रायडेच्या आधीचा उपवास सुरू. आजपासून मांस बंद. गोड पाव मी माझ्या मनाने बंद केला, त्याबद्दल वर काही पुण्य लिहिलं जाणार नाही.

कागद – चरबी ३५.४, स्नायू २४, वजन ६८.९. शरीराचं वय ५७. एक वर्ष राहिलं! वीस किलोची दांडी खांद्यावर घेऊन व्यायामशाळेत लांबच्या लांब चालले. गुडघे हू की चू बोलले नाहीत. या वर्षी ताईच्या मागे ताठ उभी राहीन, तिने मान वळवून बघावं. एवढंच हवंय मला. बाकी लोकांचं काही वाटत नाही.

८ मार्च

नीट लिहिते.

आज देवळाच्या मागच्या दालनात टप्प्यांची नावनोंदणी होती. नियम असा की खांद्याची उंची मोजायची आणि सारख्या उंचीच्या बायका एका टप्प्यात घालायच्या. उंच खांद्यावर सगळा भार येतो, बुटकीचा खांदा लाकडाखालून नुसता चालतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण चायोबाई गेली अकरा वर्षं आम्हाला लांबूनच बघून म्हणायची, "रोब्लेस भगिनी, दोघी एकशे एकोणतीस," आणि लिहून टाकायची. आम्हालाही त्यात मोठेपणा वाटायचा. आम्ही जुन्या, आमचं माप कसलं घेता?

चायोबाई आता लेकीकडे राहायला गेली. तिच्या जागी मिर्ना नावाची नवी बाई, हातात पट्टी. सगळ्यांना भिंतीला उभं करत होती. मी – एकशे एकोणतीस. ताई – एकशे पंचवीस.

"पुन्हा मोजा," ताई म्हणाली. मिर्नाने पुन्हा मोजलं. एकशे पंचवीस. "हाडं झिजतात हो, मावशी. डॉक्टरला दाखवा. तुमचा टप्पा आता वेगळा."

घरी येताना मी मनात हिशेब करत होते. चार सेंटीमीटर काही एका वर्षात जात नाहीत. म्हणजे गेल्या वर्षीसुद्धा ताईचा खांदा लाकडाला लागतच नव्हता. तिच्या पुढे कोणी नाही, मागे मी. तिचा भार गेला कुठे? माझ्यावर! एक्केचाळीस टक्के चरबी, स्नायूंचा पत्ता नाही, आणि दोघींचा भार शेवटपर्यंत नेला मी. लोंबकळले नव्हते मी. पडले पण नव्हते.

रडू आलं, मग हसू आलं. वर्षभर ऐकून घेतलं. उद्या सांगणार. भाजीवालीसमोर सांगणार.

९ मार्च

सकाळीच ताई आली. बसली नाही. दाराची चौकट धरून म्हणाली, "गेल्या वर्षी माझा खांदा लाकडाला लागत होता का गं? खरं सांग. त्या दिवसावरच मी जगतेय."

"लागत होता," मी म्हटलं. "मी मागेच होते ना. दिसत होतं."

"मग भार का नव्हता? तू तर नव्हतास ना घेतला?"

"मी? मला माझाच पेलत नव्हता, ताई."

तिने पदर सारखा करावा तशी शाल ओढली आणि म्हणाली, "तरी तुला सांगत होते, गोड पाव कमी खा म्हणून."

ती गेल्यावर वाईट वाटलं, थोडं; भाजीवालीला आता काही सांगता येणार नाही. संध्याकाळी ग्लेन्डीकडे जाऊन दांडीला दोन्हीकडे अडीच अडीच किलो वाढवून मागितले.