भंतेजींना मी उठवलं

थायलंड, बर्माच्या सरहद्दीवरून

तीर्थरूप आईस,
प्रभूच्या नावानं शमुवेलचा सलाम.

मी बरा हाय. भात खाऊन अंगानं भरलोय, काळजी करू नको. तुझे गुडघे कसे हायत?

इथल्या छावणीत बर्माहून पळून आलेली नॉ पो नावाची म्हातारी हाय. मिशननं तिला माझ्याकडं सोपवलंय. महिनाभर मी तिच्या पायाची जखम धुतोय, रोज प्रार्थना करतोय. पण ती माझ्याशी एक शब्द बोलली न्हाई.

मागल्या आठवड्यात विहारातले भंतेजी आले. तिच्याच भाषेचा माणूस. नुसते शेजारी बसले, तर म्हातारी रडली आन् पोराच्या मरणाचं सगळं सांगून मोकळी झाली. आई, मी त्यांच्यावर जळलो. "बाई दमली, आता निघा," मी मोडक्या बोलीत म्हणालो. ते गुमान उठून गेले.

तवापासून म्हातारीनं मला पायाला हात लावू दिला न्हाई. जखम चिघळायला लागली. शेवटी काल मीच विहारात गेलो. "चुकलं माझं, चला," म्हणालो. ते लगेच आले. ती त्यांच्याशी बोलत राहिली, मी खाली बसून पाय धूत राहिलो. पाय सुधारेल. माझं जळणं मातर अजून गेलं न्हाई.

तू अंबाजोगाईच्या दवाखान्यात वीस वर्षं आया होतीस. तू पुसलेले, भरवलेले पेशंट घरी जाताना डॉक्टरांच्या पाया पडायचे. तवा तुला कसं वाटायचं गं? मी कधी इचारलंच न्हाई.

तुझा लेक,
शमुवेल