हवेला कुलूप

ती. साडूभाऊंना नमस्कार.

तुमचा गुडघा बरा झाल्याचं ताईंनी हिला फोनवर सांगितलं. आनंद झाला. (इतक्या लवकर बरा झाला म्हणजे मुळात दुखत होता का, अशी एक शंका आली; पण मी कुणाजवळ बोललो नाही.) आमच्याकडे सगळे ठीक आहेत, निदान तसं सांगतात तरी. मेव्हणा जितका माझा तितकाच तुमचाही, म्हणून त्याच्याविषयी काही गोष्टी तुमच्या कानावर घालतो.

माझी सारी नोकरी इंजिन-कारखान्याच्या भांडारात गेली. तिथे खिळासुद्धा सहीशिवाय बाहेर पडत नाही. गेल्या महिन्यात मला देखरेखीसाठी चाचणी शेडमध्ये धाडलं. तिथे दुरुस्त झालेली गॅस टर्बाइन इंजिनं चालवून बघतात, आणि ती चालवतो आपला मेव्हणा. पहिल्याच दिवशी पाहिलं, इंजिन पुढून हवा ओढतं, कॉम्प्रेसरची पाती ती दाबत दाबत मागे ढकलतात, आणि अशी मेहनतीने दाबलेली हवा अर्ध्या वाटेतच एका नळाने भिंतीबाहेर जाते. ना सही, ना शिक्का. बाहेर जाऊन बघतो तर त्या तापलेल्या नळावर मेव्हण्याचा जेवणाचा डबा गरम होत ठेवलेला. आता यात पाणी मुरतंय हे कळायला फार अक्कल लागत नाही.

मी खोदून विचारलं. त्याने न अडखळता उत्तर दिलं (तिथेच माझा संशय बळावला). म्हणे, इंजिन सुरू होताना वेग कमी असतो, हवा पुरेशी दाबली जात नाही, आणि मागची वाट अरुंद, तिथून एवढी हवा मावतच नाही. ती तुंबली की पुढच्या पात्यांवरची तिची पकड सुटते आणि सगळी उलटी फिरून तोंडावर येते. म्हणून सुरुवातीला मधूनच थोडी सोडायची, म्हणजे पुढचा प्रवाह मोकळा राहतो. वेग वाढला की त्या नळाचा व्हॉल्व्ह बंद करायचा. उघडाच राहिला तर जाळाला हवा कमी पडते, इंजिन तापतं, जोर घटतो. यातलं शेवटचं तेवढं मी पक्कं लक्षात ठेवलं. हवा सोडणं म्हणजे नुकसान, हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं.

परवा मेव्हणा बाहेरचा व्हॉल्व्ह उघडून आत गेला. मी मागून भिंतीपलीकडे गेलो, चाक फिरवून तो घट्ट बंद केला आणि त्याला भांडाराचं कुलूप ठोकलं. (किल्ली खिशात. सवय.) मी शेडमध्ये परत आलो आणि इंजिन सुरू झालं. थोडा वेळ घुरघुरलं, वेग काही केल्या वर चढेना, मग असा दणका बसला की खिडकीच्या काचा गेल्या आणि इंजिनाच्या पुढच्या तोंडातून जाळ बाहेर आला. मेव्हण्याने इंधन तोडलं म्हणून बरं. मी टेबलाखाली होतो. (तिथून जास्त चांगलं दिसतं.) कॉम्प्रेसरची पाती वाकली.

साहेब येईपर्यंत मेव्हणा बाहेर जाऊन आला होता. कुलूप तोडून त्याने खिशात घातलं होतं. साहेबांना म्हणाला, "व्हॉल्व्ह उघडायचा माझ्याकडून राहिला." सोमवारी चौकशी आहे, आणि त्याची नोकरी जाणार हे सगळे धरूनच चालले आहेत.

आता मला सांगा, याचा डाव काय असेल? त्या दिवसापासून तो माझ्याकडे काहीही मागत नाही. माझ्या जिवाला घोर लागला आहे.

ताईंना सप्रेम नमस्कार.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. : हे पत्र ताईंना दाखवू नका. त्यांना कळलं की हिला कळतं.

ता. क. : आत्ताच तो येऊन गेला. मी स्पष्टच विचारलं, तुला हवंय तरी काय? म्हणाला, "भावोजी, तुमच्या पगारावर चार तोंडं आहेत. मी एकटा. कुठेही पोट भरेन." ही आतून सगळं ऐकत होती.

ता. क. : खरं काम हे. सोमवारी सकाळी साहेबांकडे मी जातो आहे. तुम्ही रविवारीच त्याला तुमच्याकडे बोलावून घ्या. गुडघा पुन्हा दुखतोय म्हणा, काहीही म्हणा, पण सोमवार दुपारपर्यंत सोडू नका. त्याचा काही भरवसा नाही. माझ्याआधी पोचून तो पुन्हा तेच खोटं बोलेल.