भिंतीवरचं तिसरं पत्रक

शुक्रवार, ११ एप्रिल

क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

वर्गाची सहल, डोंगरउतारावरचं गुब्बिओ गाव. सकाळभर चढच चढ. बेलुच्ची बाई छत्री उंच धरून पुढे, आम्ही एकवीस जण पाय ओढत मागे. जेवणानंतर तिथल्या प्रथेप्रमाणे कारंज्याला तीन फेऱ्या मारल्या— मारणारा वेडा ठरतो, तसा दाखलाही मिळतो. मैत्रीण नोएमी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "दिलेत्ताला फेऱ्या कशाला, तिला असाच देऊन टाका." हसून पोट दुखलं. ती भिंत त्याच गल्लीत होती.

निधनाची पत्रकं आमच्या पेझारोतही भिंतींवर लागतात, कोण थांबून वाचतं? नोएमी थांबली. "अगं, तुझ्या आडनावाचं कुणीतरी गेलंय."

उबाल्दो कार्दिनाली, वय ५१. बाबांचंही नाव हेच, पण गुब्बिओत दर तिसरा माणूस उबाल्दो, त्यामुळे आधी काहीच वाटलं नाही. मग फोटो पाहिला. माझ्या उशाशी बाबांचा फोटो आहे, त्यातलाच चेहरा, केस तेवढे पांढरे.

माझे बाबा मी तीन वर्षांची असताना समुद्रात बुडाले. होडी सापडली, ते नाही. दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आई आणि मी धक्क्यावरून पांढरी शेवंती पाण्यात सोडतो. चौदा वर्षं! आणि हा माणूस गेला मंगळवारी, इथे, बसने दोन तासांवर.

पत्रकं तीन होती. एक बायकोचं— सिल्वाना. एक मातीच्या भांड्यांच्या कारखान्यातल्या सोबत्यांचं. तिसऱ्यावर एकच ओळ: "बाबांना— मुलगी दिलेत्ता."

मी नाही लावलं. ते जिवंत होते हेच मला ठाऊक नव्हतं!

अंत्यविधी साडेतीनला, समोरच्याच चर्चमध्ये. बाईंना धड सांगताही येईना, नुसतं बोट दाखवलं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, छत्री नोएमीच्या हातात दिली. "चल. मी आहे बरोबर." शेवटच्या बाकावर बसलो. शवपेटी अगदी हाताशी येऊन पुढे गेली. मी हात लावला नाही. का नाही लावला?

शनिवार, १२ एप्रिल

आईला विचारलं. ती कांदा चिरत होती. "सोडून गेला तो आपल्याला. मेला म्हणणं सोपं होतं." बस, एवढंच. मी ताट भिंतीवर फेकलं. आजवर तिला कधी उलटूनसुद्धा बोलले नव्हते.

रविवार, १३ एप्रिल

सोडून गेले, पण विसरले नाहीत. शेवटी त्यांनीच सिल्वानाला सांगितलं असणार, पोरीच्या नावाचं वेगळं पत्रक लाव म्हणून. मी एवढ्यावरच तग धरून आहे. सिल्वानाला आभाराचं पत्र लिहिलं, उद्या टाकीन.

सोमवार, १४ एप्रिल

पत्र आईच्या हाती लागलं. म्हणाली, "हे पाठवू नकोस. ते पत्रक मी लावलं. तो गेल्याचं कळलं, बुधवारी जाऊन आले. तुमची सहल तिथेच जाणार होती. मला तोंडाने सांगायला जमलं नसतं."

म्हणजे त्यांना माझी आठवणसुद्धा नव्हती, मी म्हटलं.

तिने पत्राची घडी घातली. मग— "दर वाढदिवसाला त्याचा फोन यायचा. तू घरात नाहीस, असं मी सांगायचे."

कितव्या वाढदिवसापर्यंत?

"यंदाच्या."