जांभळ्याचा पांढरा

बुधवार, २२ फेब्रुवारी
आज राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस. देवळातून कपाळावर राख लावून आले. मरियामातेला शब्द दिला : ईस्टरपर्यंत कॉम्प्युटरवरच्या पत्त्यांच्या खेळाला हात लावणार नाही. त्या बदल्यात माझ्या नवऱ्याचा, फिलिबेर्तोचा, डोळा बरा व्हावा. पुढच्या महिन्यात त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. आमच्या आंतिग्वा शहरातल्या ईस्टरआधीच्या मिरवणुकीचे झगे शिवणारा माणूस, आणि आता सुईचं नेढं दिसेना.
शब्दाची आठवण राहावी म्हणून लेकीनं, रोसाल्बानं, फोनवरून सांगत एक फुकटचा प्रोग्राम टाकून दिला. कॉम्प्युटरचा पडदा आत्ता उपवासकाळाचा जांभळा. रोज थोडा फिका होत ईस्टरला पांढरा होणार. पण कॉम्प्युटर चालू असेल तेवढाच वेळ रंग सरकतो. रोज किती वेळ लावतेस, तिनं विचारलं. देवळाच्या मेणबत्त्यांचा हिशेब असतो, एक तास, म्हटलं. तिनं त्या बेतानं बसवला.

शनिवार, २५ फेब्रुवारी
नुसता रंग बघायला बसले. फरक कळेना. वर पत्ते मांडले की मागचा जांभळा उठून दिसतो. मांडले. खेळले नाही म्हणण्याइतपतच खेळले.

रविवार, ४ मार्च
रविवार उपवासात धरत नाहीत, हे खुद्द पाद्रीबाबा सांगतात. चार डाव. पाचवा अर्धवट टाकणं म्हणजे नासाडी.

सोमवार, १२ मार्च
शेजारची ओबदुलिया मिरवणुकीच्या वाटेवर घालायच्या गालिच्यासाठी रंगवलेला लाकडाचा भुसा मागायला आली. फिकटलेला पडदा बघून म्हणाली, "अगं बाई, तुमच्याकडे ख्रिस्त यंदा लवकर उठणार वाटतं!" कॉम्प्युटर जुना, रंग विटतो, म्हटलं. तिनं कॉफी सोडली आहे आणि डोकेदुखी गल्लीभर सांगते. व्रताचा एवढा गाजावाजा बरा नव्हे.

मंगळवार, २० मार्च
पडदा पांढराफटक. ईस्टर अजून कुठल्या कुठे, ऑपरेशन मात्र आठवड्यावर. दोनदा जपमाळ केली. माते, आजपासून मोज, म्हटलं.
संध्याकाळी मन शांत व्हावं म्हणून एकच डाव. हरले. म्हणजे शिक्षा भोगली, फिटलं.

बुधवार, २८ मार्च
पट्टी निघाली. पहिल्या खेपेला दोरा ओवला त्यानं! मी ढसाढसा रडले. ओबदुलियाला सांगितलं, माझं व्रत फळलं. सांगताना जीभ जरा अडखळली, पण ते आनंदानं.

रविवार, ८ एप्रिल, ईस्टर
देवळातल्या मिसाहून आल्या आल्या फिलिबेर्तो म्हणाला, "मिंचा, मोतीबिंदू डोळ्यात होता, कानात नव्हता. दीड महिना तुझ्या माऊसची टिकटिक ऐकतोय."
मग बोलला का नाहीस, विचारलं.
"कसा बोलणार? ईस्टरपर्यंत तुला एकही टोमणा मारणार नाही, असा शब्द दिला होता मातेला. डोळ्यासाठी. जीव जायची पाळी आली, पण पाळला."

तेवढ्यात ओबदुलिया आली. दारातूनच ऐकलं होतं तिनं. "कुणाच्या व्रतानं डोळा बरा झाला म्हणायचा मग?" मी म्हटलं, "घरातल्याच."
फिलिबेर्तो समोरच बसला होता. घसा खाकरला. त्याचं व्रत सुटलं होतं.