पावाची बाई आणि पहिला घास

सोमवार, २ तारीख. सकाळी ७.
संकल्प: रविवारच्या प्रदर्शनात इतिहास घडवायचा. शिल्पाचं नाव 'अन्नदा'. खुर्चीवर बसलेली, अख्खी पावाची बाई. जगाला जेवू घालणारीला घास कोण भरवतं? प्रेक्षकांनी घरून एक घास आणायचा आणि तिला भरवायचा. कल्पनेनेच डोळे भरून आले. बायकोला सांगायला गेलो, तर ती माझा डबा भरत होती. कलेत रस शून्य.

मंगळवार.
मॉडेल म्हणून बायकोला बसवलं. सारखी हलते. दुपारी म्हणाली, भूक लागली. म्हटलं, हाच भाव हवाय, हलू नकोस.

बुधवार.
पीठ मळण्याचं तंत्र आत्मसात केलं. मळलं बायकोने, मार्गदर्शन माझं. मीठ घालू का म्हणे! शिल्पात मीठ? बेकरीवाल्याचा सल्ला: अवयव वेगळे भाजून जोडा, नाहीतर बाई आतून कच्ची राहील. त्याला काय कळतंय?

शुक्रवार.
भट्टीतून निघाली. फुगलीय. नाक गालात गडप. तरी भव्य. बायको म्हणाली, हुबेहूब तुमची आत्या. दुर्लक्ष केलं.

शनिवार.
हॉलमध्ये मांडली. डावीकडे कलते. आतून कच्ची. बेकरीवाल्याचीच नजर लागली. उपाय सापडला: उद्या बायकोने शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि तिच्या पाठीला हात लावून ठेवायचा. दहा ते पाच फक्त.

रविवार. दुपारी २.
गर्दी! पहिल्या आल्या एक आजी. शिल्पाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि घास बायकोला भरवला. चूक दाखवायला धावलो, तर म्हणाल्या, काखेत कळसा नि गावाला वळसा. संबंध कळला नाही. मग रांगच लागली. सगळे तिलाच भरवतायत. ती लाजते, हसते, खाते. मध्येच रडली. म्हणाली, आईनंतर आज कुणीतरी भरवलं.
बावीस वर्षं झाली लग्नाला. मला फार वाईट वाटलं.
तेवढ्यात डोळे पुसायला तिने हात काढला. अन्नदा आडवी. कुणी वळूनही पाहिलं नाही.

सोमवार. सकाळी.
पेपरात आलं! 'खुर्चीतल्या जिवंत बाईची कल्पना अप्रतिम. शेजारचा पावाचा ढीग टाळता आला असता.' बायकोने कात्रण फ्रिजवर लावलंय.
संकल्प: आज स्वयंपाक मी करणार. पहिला घास तिला.

संध्याकाळी ७.४०.
भाजी करपली. अन्नदाचं कोपर तेवढं नीट भाजलेलं होतं, ते गरम केलं. स्वतःच्या हाताने भरवलं. तिने डोळे मिटून, सावकाश चावलं. मी श्वास रोखून उभा.
म्हणाली, मीठ नाही.