वरच्या अंगाचा झरा

उंबरकोंड, ता. पाटण
५ जानेवारी २०२५

चि. साक्षीस मनुआत्याचे अ. उ. आ.

तुज्या सांगलीच्या हापिसातून कंपनीनं धाडलेली वीस शिलाई मशीनं पोचली. लय चांगली हायती. शिकवणाऱ्या बाईंना मात्र परकर बेतता येत न्हाई, त्यो मीच शिकवला.

पण पोरी, शिवायला वेळ कुणाला? तुमची कंपनी बॉक्साइटसाठी सडा, गावावरचं कातळाचं पठार, खोदायला लागल्यापास्नं झऱ्याला तांबडं पाणी येतंय. म्हसरं तोंड लावत न्हाईत. चंद्राबाईनं दोन्ही म्हशी इकल्या. डेअरीची गाडी गावात वळायची थांबली. पाण्यासाठी खाली नदीला जाण्यात सकाळ सरती.

तुमच्या सायबांनी कागद आणला : दुधाच्या जागी गावाला नवा धंदा मिळाला, तक्रार न्हाई. आमी कुणीच सही केली न्हाई. मी म्हणलं, "मशीनं ऱ्हाऊ द्या. झऱ्याच्या वरच्या अंगाला खोदायचं तेवढं थांबवा."

तुज्या नोकरीला धक्का बसंल ह्याचीच काळजी हाय. राग आला तर लिही, पण अबोला धरू नको.

तुजी आत्या


सांगली
१८ जानेवारी २०२५

ती. मनुआत्यास साक्षीचा सा. न. वि. वि.

राग आला होता, खोटं कशाला सांगू. म्हणून तुला न कळवता सड्यावर जाऊन आले. पोकलेन झऱ्याच्या हाकेवर खोदतंय. माती सरळ पाण्यात उतरते. परत येऊन मशीन-वाटपाचा अहवाल लिहिला : वीस जणींना मशीनं दिली आणि बावीस घरांचं दूध बंद पाडलं.

साहेबांनी शेवटचं वाक्य काढायला सांगितलं. मी म्हणाले, "ते राहील."

वाक्य राहिलं, नोकरी गेली. बाबा दोन दिवस माफी मागून ये म्हणत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, ग्रामसभा कधी आहे. सव्वीसला आम्ही दोघं येतोय. बायांना घरी बसू देऊ नकोस.

माया आहे तशीच असू दे.

तुझी साक्षी


उंबरकोंड
२० फेब्रुवारी २०२५

चि. साक्षीस अ. उ. आ.

सभेत तू अहवाल वाचलास, त्यावरचा ठराव तालुक्याला गेला. काल तहसीलदार स्वतः चढून आले. पाणी ओंजळीत घेऊन बघितलं, आन वरच्या अंगाची खोदाई थांबवायचा हुकूम दिला. कंपनी वर दाद मागणार म्हणं. मागू दे.

पाणी अजून तांबडंच हाय. चंद्राबाईनं तरी माहेरहून एक रेडी आणली. शिलाई दुपारी चालती. सकाळी दोघी-दोघी पाळीनं सड्यावर जातो, त्या पोकलेनच्या वाटेवरच म्हसरं चारतो. ते पुन्हा आलं तर पयल्यांदा आमी दिसू.

दादाला नमस्कार.

तुजी आत्या