मधल्या दाराला कुलूप नाही

मी, खाली सही करणारा, वय छप्पन्न, धंदा कुलपं-किल्ल्यांचा, पूर्ण शुद्धीवर हे लिहून ठेवतो. उद्या हृदयाचं ऑपरेशन आहे. शुद्ध उद्या जाणार, म्हणून आजच. कोणाचाही दबाव नाही. बायको चारदा म्हणाली, "लिहून टाका एकदाचं," तो दबाव धरत नाहीत.

१. घरातला माझा अर्धा भाग आणि बँकेत असेल ते बायकोचं. सत्तावीस वर्षं तिने माझं प्रवचन ऐकलं. ही भरपाई कमीच.

२. प्रवचन एकच : कुलपाशी झटू नये. चावी फिरवताना चावीच फिरवावी, जेवणाचा विचार जेवताना. बोटं सैल सोडली की कुलूप आपणहून वाट देतं. धाकट्या भावाला हे जन्मात जमणार नाही, असं मी दुकानात येईल त्याला सांगत असे. त्याचं नाव 'धक्का' मीच पाडलं.

३. अकरा वर्षांपूर्वी आई न्हाणीघरात पडली. दाराचं खटक्याचं कुलूप आतून लागलेलं. मी किल्लीविना कुलूप उघडायचा आकडा घालून कुलपाशी बसलो. धाकट्याने खांद्याने दार पाडलं. नंतर चारचौघांत मी म्हणालो, "अर्धा मिनिट थांबला असतास तर दार वाचलं असतं."

तो म्हणाला, "दादा, आत आई होती."

त्याने दुकान सोडलं. घरातल्या आमच्या दोन भागांमधलं दार तेव्हापासून लोटलेलं आहे. त्याला कुलूप नाही, लागलंच नाही.

४. आता खरं. त्या दिवशी कुलपाशी मीच झटलो. मी जोर लावला आणि आकडा कुलपातच मोडला. धाकट्याने विचारसुद्धा केला नाही. हाक आली की माणूस उठतो, तसा उठला. मी जन्मभर शिकवलं ते त्याने केलं. आई पुढे सहा वर्षं जगली. मोडक्या आकड्यासकट ते कुलूप माझ्या खणात आहे. ते, दुकान आणि हत्यारांची पेटी धाकट्याला. 'धक्का' हे नाव मागे घेतो.

५. हे कलम नंतरचं. साक्षीला बोलावलेल्या शिंप्याने वरचं वाचून विचारलं, "हे त्याला तुम्ही मेल्यावर कळवायचं?" म्हणून मधल्या दाराशी गेलो. खांदा लावायच्या तयारीत होतो. बोट टेकताच उघडलं, आवाजसुद्धा नाही. बिजागऱ्यांना पलीकडून ताजं तेल होतं.

धाकट्याने वर पाहिलं. "अकरा वर्षं कुलूप शोधत होतास?"

चौथं कलम त्याला उभ्यानेच वाचून दाखवलं.

सही : कुलूपवाला
साक्षीदार : १. शेजारचा शिंपी २. समोरचा चष्मेवाला
(ज्याला मिळायचं त्याची साक्ष चालत नाही, म्हणून धाकटा नुसताच दारात उभा.)
स्थळ : घराचे दोन्ही भाग
दिनांक : ९ मार्च, संध्याकाळ